मांजर चावलं, बोट सुजलंय आणि क्लिनिकमध्ये म्हणतात ‘हे चालायचंच’

प्रश्न असा आला आहे: ‘मी सिंहगड रोडवरच्या एका पेट क्लिनिकमध्ये आठ महिन्यांपासून सहायक म्हणून काम करते. परवा रक्त काढताना एक पर्शियन मांजर उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी चावलं. दोनच बारीक छिद्रं आहेत. नळाखाली हात धुतला, बीटाडीन लावलं आणि परत कामाला लागले. डॉक्टर म्हणाले, मांजराचं लसीकरण झालेलं आहे, या लाइनमध्ये हे चालायचंच. आज बोट सुजलंय, ठणकतंय, नीट मिटत नाही. आई म्हणते हळद लाव आणि नोकरी सोड. रेबीजची इंजेक्शनं घ्यायची का? नोकरीला लागताना मला कुठलीही लस दिली नव्हती.’

रेबीजबद्दल सांगतोच, पण त्याआधी बोट. चावल्यानंतर दोन दिवसांनी सुजलेलं, ठणकणारं आणि न मिटणारं बोट घेऊन घरी थांबायचं नाही. आजच्या आज अशा रुग्णालयात जा, जिथे हाडांचे किंवा हाताची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बघू शकतील. जवळ तसं काही नसेल तर पुण्याच्या ससून रुग्णालयाची कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते. बोटात अंगठी असेल तर निघण्याआधी काढा, कारण सूज चढली की ती कापूनच काढावी लागते. हात खाली लोंबता ठेवू नका, छातीच्या वर धरून ठेवा.

निघण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. संपूर्ण बोट एकसारखं फुगलंय का? बोट आपोआप थोडं वाकलेल्या अवस्थेतच राहतंय का? तळव्याच्या बाजूने बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत दाबलं तर त्या रेषेत दुखतंय का? आणि दुसऱ्या हाताने बोट हळूच सरळ करायला गेलं तर कळ मस्तकात जाते का? ही चार लक्षणं म्हणजे बोट वाकवणाऱ्या स्नायूबंधाच्या आवरणात पू होत असल्याची खूण. त्या आवरणात जागा फार कमी असते. आत दाब वाढला की स्नायूबंधाचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते बोट कायमचं ताठ राहू शकतं. अशा वेळी नुसत्या गोळ्या पुरत नाहीत. शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात, कधी ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ते आवरण धुवावं लागतं. चारांतलं एकच लक्षण असलं तरी थांबू नका.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मांजर चावलंय, परवा, तर्जनीच्या मुळाशी. मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते.’ नुसतं ‘बोट सुजलंय’ म्हणालात तर नखुरडं समजून मलम मिळेल. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तेही तिथेच सांगा. ताप, थंडी असेल किंवा दंडाकडे लाल रेघ चढताना दिसत असेल तर तीही दाखवा.

मांजराच्या चाव्याला मी इतका का घाबरतो, ते सांगतो. कुत्र्याचा चावा दिसायला भयंकर असतो. मांस फाटतं, रक्त येतं, सगळे धावतात. मांजराचा सुळा मात्र इंजेक्शनच्या सुईसारखा काम करतो. बारीक छिद्र पाडून तोंडातले जंतू खोल सांध्यापर्यंत, स्नायूबंधापर्यंत सोडतो, आणि वरची कातडी लगेच मिटते. धुतलेलं पाणी आत पोचतच नाही. त्यात पाश्चुरेला नावाचा जंतू मांजरांच्या तोंडात सर्रास असतो आणि त्याचा वेग फार. पुष्कळदा बारा ते चोवीस तासांतच सूज आणि ठणका सुरू होतो. कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराच्या चाव्यात जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, हे वैद्यकशास्त्रात पक्कं ठरलेलं आहे. म्हणून हातावर मांजर चावलं की सूज यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. अशा चाव्यात बहुतेक डॉक्टर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हे जोडऔषध सुरू करतात. सूज नसतानाही काही दिवस देतात.

इथे आपल्या धंद्यातली एक सवय बोलायलाच हवी. क्लिनिकच्या कपाटात औषधं भरलेली असतात. कुणाला चावलं की हात त्या कपाटाकडे जातो. ‘सिफॅलेक्सिन पडलंय, घे पाच दिवस.’ पाश्चुरेलावर सिफॅलेक्सिन हे प्रतिजैविक भरवशाचं नाही. गोळी चालू आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आत पू होत राहतो. आम्ही पशुवैद्य आहोत. माणसाच्या हातावर उपचार करण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि ते शिक्षणही आम्ही घेतलेलं नाही. कर्मचाऱ्याला स्वतःच्या टेबलावर बसवून टाके घालणारे डॉक्टरही असतात. चाव्याची जखम सहसा शिवायचीच नसते, उघडी ठेवायची असते. शिवावी लागलीच तर आधी जखमेत रेबीजविरोधी सिरम (तयार प्रतिपिंडं असलेलं औषध) भरून, नंतर, सैलसर. ते ठरवायचं ते माणसांच्या डॉक्टरांनी.

आता रेबीज.

तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पूर्ण चूक आहे असं नाही. घरातच वाढलेलं, वेळच्या वेळी लस घेतलेलं पर्शियन मांजर पिसाळलेलं असण्याची शक्यता खरोखरच फार कमी. पण कार्डावर शिक्का असला म्हणून आपल्या देशात चाव्यानंतरचे उपचार टाळायचे नसतात. लस थंड साखळीत ठेवली होती का, डोस वेळेवर झाला का, मांजराच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली का, यातलं काहीच शिक्क्यावरून कळत नाही. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही. वाचलेल्यांची उदाहरणं जगभरात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पुण्यात असे रुग्ण नायडू रुग्णालयात दाखल होतात. तिथून परत आलेल्या नातेवाइकांशी ज्यांचं बोलणं झालंय, ते शिक्क्यावर विसंबत नाहीत.

कातडी भेदून दात आत गेला, रक्त आलं, म्हणजे तो तिसऱ्या श्रेणीचा चावा. छिद्र दोनच आहेत, बारीक आहेत, याने श्रेणी बदलत नाही. तिसऱ्या श्रेणीत, आधी कधीच लस न घेतलेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात: जखम धुणं, जखमेत सिरम आणि दंडात लस. लस अंगात प्रतिकारशक्ती तयार करते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरची पोकळी सिरम भरून काढतं, म्हणून ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. बोटाला टोचताना दुखतं, हे आधीच सांगून ठेवतो. बोटात मावेल तेवढंच भरतात, पण तेवढं भरून घ्याच. सिरम लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांपर्यंत देता येतं. घोड्याच्या रक्तापासून केलेलं सिरम असतं, माणसाच्या रक्तापासून केलेलं असतं, आणि आता प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल अँटिबॉडीही मिळते. ती आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटनेच बाजारात आणली.

लस सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत सहसा कातडीच्या थरात देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी थेंबभर. खासगीत दंडाच्या स्नायूत देतात: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. दोन्ही सारख्याच चांगल्या. कमरेत मात्र घ्यायची नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही तुमच्या आईच्या पिढीची भीती खरी होती, पण ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली. परवा चावलं, आता उशीर झाला, असंही मनात आणू नका. उशिरा का होईना, सुरू करायची. महिन्याने आठवलं तरी सुरू करायची, कारण या विषाणूला मेंदूपर्यंत पोचायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून कमी, कधी वर्षापेक्षा जास्त. गरोदरपण किंवा अंगावर पाजणं हे लस न घेण्याचं कारण नाही. तुमच्या एखाद्या सहकारी बाईला उद्या हाच प्रश्न पडेल म्हणून लिहून ठेवतो.

त्या मांजरावर चावल्याच्या दिवसापासून दहा दिवस नजर ठेवायला मालकांना सांगा. दहाव्या दिवशी ते खात-पीत, खेळत असेल तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात, आणि पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर बदलू शकतात. पण आधी उपचार सुरू करायचे आणि सोबत दहा दिवस मोजायचे. दहा दिवस वाट बघून मग ठरवू, हे चालत नाही. हा हिशेब फक्त कुत्रा आणि मांजर यांच्यापुरता आहे, माकडाला किंवा मुंगसाला तो लागू नाही. घरातला उंदीर किंवा पाळलेला ससा चावला तर आपल्याकडे सहसा रेबीजच्या लसीची गरज पडत नाही. जखम धुवा, धनुर्वाताचं बघा, डॉक्टरांना दाखवा.

आईला सांगा, हळद नको. चुना, मिरची, तेल, झाडपाला काहीच नको. चावल्याबरोबर लागतो तो साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन असतं, साबण ते विरघळवतो आणि विषाणू तिथेच मरतो. पंधरा मिनिटं किती लांब असतात, ते नळाखाली हात धरून उभं राहिल्यावरच कळतं. बाहेर पेशंट ताटकळत असतात, कुणीतरी हाक मारतं आणि आपण मिनिटाभरात नळ बंद करतो. पुढच्या वेळी नळाजवळ दुसऱ्या माणसाला घड्याळ घेऊन उभं करा. बीटाडीन त्यानंतर. आजही निघण्याआधी एकदा साबणाने धुऊन घ्या, दोन दिवसांनी धुतलं तरी वाया जात नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत काखेत गाठ आली, बारीक ताप राहिला, तर ‘मांजराने बोचकारलं-चावलं होतं’ हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. मांजराकडून येणारा बार्टोनेला हा जंतू असा उशिरा डोकं वर काढतो. आणि तुमच्या क्लिनिकमध्ये कुणाची प्लीहा काढलेली असेल, कुणाला मधुमेह, यकृताचा आजार असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर त्यांनी कुत्र्याच्या साध्या चाव्यालाही त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफेगा हा जंतू अशा लोकांच्या रक्तात भिनून जीव घेऊ शकतो.

खरा रेबीज आपल्या क्लिनिकमध्ये येतो तेव्हा तो सहसा चावत नाही. पिसाळलेला कुत्रा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फेस गाळत धावणारं जनावर येतं, आणि तसा कुत्रा कुणी रिक्षात घालून आपल्याकडे आणत नाही. आणतात तो गप्प झालेला. माझ्या टेबलावर आलेलं एक इंडी, म्हणजे देशी कुत्रं, अजून आठवतं. सोसायटीत त्याला खायला घालणाऱ्या ताईंनी मोठ्या मायेने चादरीत गुंडाळून आणलं होतं. खालचा जबडा लोंबत होता, लाळेच्या तारा टेबलावर उतरत होत्या, जीभ कोरडी, बाजूला पडलेली. पाणी पुढे केलं तर तोंड घालत होतं, पण गिळता येत नव्हतं. ‘घशात हाड अडकलंय, डॉक्टर, बघा ना.’ माझा सहायक टॉर्च घेऊन पुढे झाला होता आणि त्याचा मोकळा हात जबड्याकडे निघाला होता. मी तो मनगटाला धरून मागे ओढला. हाड अडकलेलं कुत्रं पंजाने तोंड ओरबाडतं, तळमळतं. हे नुसतं बघत होतं. त्यात त्या ताईंनी दोन दिवस त्याला हाताने भरवलं होतं, आणि भाज्या चिरून त्यांच्या बोटांवर बारीक चिरा पडलेल्या होत्या. त्या दिवशी त्या कुत्र्याच्या आधी मी त्यांना लसीसाठी पाठवलं.

मुळशी, भोर, पुरंदरकडे जनावरं बघणाऱ्यांना हेच गाई-म्हशीत भेटतं. म्हैस लाळ गाळते, वैरण सोडलेली, घसा बसल्यासारखी हंबरते, आणि मालक म्हणतो काहीतरी अडकलंय, हात घालून बघा. आमच्या व्यवसायातल्या कित्येकांनी कोपरापर्यंत हात घातलेला आहे, आणि महिनाभरापूर्वी गोठ्यात कुत्रं शिरलं होतं हे त्यांना नंतर कळलेलं आहे. धडधाकट कातडीवर लाळ पडली तर धोका नाही. पण हाताला चीर असेल, नखाची कड सोललेली असेल, डोळ्यात किंवा ओठावर लाळ उडाली असेल, तर चावा नसतानाही पूर्ण उपचार लागतात. म्हणून नियम साधा आहे: लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या, अचानक वागणं बदललेल्या कुठल्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही. आधी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. आणि आधी मालकाला प्रश्न: गेल्या काही महिन्यांत याला कुणी चावलं होतं का?

आता चावलं कसं, त्याकडे वळतो. आपल्या धंद्यात चावा बहुतेक वेळा धरणाऱ्याला बसतो, सुई हातात असलेल्याला नाही. म्हणजे सहायकाला. धरणाऱ्याचं लक्ष सुईकडे जातं, मांजराचं डोकं सुटतं, आणि दुसऱ्या क्षणाला सुळा बोटात असतो. पुण्यात तर मांजर आमच्यापर्यंत पोचतं तेच अर्धमेलं होऊन. भाजीच्या पिशवीत घालून, स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवून, लकडी पुलावरच्या हॉर्नमधून आणतात आणि वेटिंगमध्ये भुंकणाऱ्या लॅब्राडॉरशेजारी अर्धा तास बसवतात. मग आत आणून टेबलावर मोकळं करतात. त्या मांजराला आपण रक्त काढण्याआधीच चावायच्या टोकाला नेऊन ठेवलेलं असतं.

रक्त काढायचं ठरलेलं असेल तर मालकांना फोनवरच सांगता येतं की केज आणा, वर चादर टाका. घाबरट मांजराला घरून निघण्याआधी दोन-तीन तास गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध देता येतं, वजन बघून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. क्लिनिकमध्ये आल्यावर केजचं वरचं झाकण काढून मांजराला तळाच्या भागातच बसू द्यायचं, त्याला मानेला धरून उपसायचं नाही. मानेची कातडी पकडून मांजर शांत होतं ही जुनी समजूत आहे, प्रत्यक्षात ते भीतीने गोठतं आणि हात सैल पडला की उसळतं. जाड टॉवेलमध्ये पुढचे पाय आणि छाती गुंडाळून मांजर कुशीवर घेतलं, मागचा एकच पाय बाहेर काढला, तर मांडीच्या आतल्या शिरेतून रक्त मिळतं. तोंड सुईपासून आणि तुमच्या बोटांपासून लांब राहतं. कान मागे चिकटले, बाहुल्या मोठ्या झाल्या, शेपूट आपटायला लागली की थांबायचं. दोन प्रयत्नांत शीर मिळाली नाही तर तिसरा करायचाच नाही, झोपेचं औषध द्यायचं किंवा दुसऱ्या दिवशी बोलवायचं. ‘थांबूया’ हे म्हणण्याचा हक्क धरणाऱ्याला असला पाहिजे, कारण मांजराच्या अंगातला ताण सगळ्यात आधी त्याच्या हाताला कळतो. माझ्या क्लिनिकमध्ये सहायकाने थांब म्हटलं की मी सुई बाजूला ठेवतो. त्यावर चर्चा होत नाही.

कुत्र्यांत मालकाचं ‘तो चावत नाही हो’ हे वाक्य ऐकलं की मी मझल, म्हणजे तोंडाला घालायचं मुसकं, मागवतो. मालक खोटं बोलत नसतो. घरात खरंच चावत नाही, पण घरात त्याच्या फुटलेल्या नखाला कुणी चिमटा लावत नाही. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असंही नसतं. ओठ चाटणं, उगाच जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, आणि मुख्य म्हणजे अंगाचं एकदम ताठ होणं, श्वास धरल्यासारखं थांबणं, हे बघायला शिका. गुरगुरणारं कुत्रं तुम्हाला सावध करत असतं, त्याला ओरडू नका. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं न गुरगुरता चावायला शिकतं. मझल जाळीचा घ्या, त्यात कुत्र्याला धापता येतं. पट्टीने तोंड बांधायचं तर मिनिटा-दोन मिनिटांपुरतं, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर नाहीच. नखं कापणं, कान साफ करणं, पार्श्वभागात थर्मामीटर घालणं, भुलीतून जागं होणं, फिट येऊन गेल्यानंतरची मिनिटं, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसलेल्याला बाहेर काढणं, या वेळा ठरलेल्या आहेत. भुलीतून उठणाऱ्या किंवा फिटमधून सावरणाऱ्या कुत्र्याला माणूस ओळखू येत नाही. ते एरवी तुमच्या मांडीवर बसणारं असलं तरी तोंडाजवळ हात न्यायचा नाही. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतले फटाके यांच्या दिवसांत तर येणारं प्रत्येक कुत्रं आधीच थरथरत असतं. त्या आठवड्यांत तातडीची नसलेली कामं पुढे ढकलावीत असं माझं ठाम मत आहे.

आणि हात तोंडात सापडलाच तर झटका देऊन ओढू नका. दोन छिद्रांची फाटलेली जखम होते. क्षणभर हात स्थिर ठेवा, दुसऱ्याने जनावराच्या डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, पकड सैल होते.

तुम्हाला लस दिली नव्हती, हे तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. कुत्र्या-मांजरांना रोज रेबीजची लस टोचणाऱ्या दवाखान्यात, ती जनावरं धरणाऱ्या माणसाला लस नाही. चावण्याआधीची लस तीन डोसांची असते: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. फार मोठ्या खर्चाची बाब नाही. ती घेतलेल्या माणसाला पुढे चावलं तर ० आणि ३ व्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, आणि जखमेत सिरम टोचायची वेळ येत नाही. सतत धोक्यात काम करणाऱ्यांनी अधूनमधून रक्तातली प्रतिकारशक्ती तपासावी. दर मिलिलिटरला ०.५ युनिटच्या खाली गेली तर एक बूस्टर घ्यावा. हे सगळं पहिल्या दिवशी टेबलाजवळ उभं राहण्याआधी व्हायला हवं, आणि खर्च क्लिनिकने करायला हवा. यात फक्त सहायक येत नाहीत. पिंजरे धुणाऱ्या मावशी, ग्रूमिंगची मुलं, रात्री थांबणारा मुलगा, रेस्क्यूच्या गाडीवरचा ड्रायव्हर, सगळे आले. मावशींना तर पुष्कळदा चावलेलं कुणाला कळतही नाही. खाडा पडेल, पगार कापला जाईल म्हणून त्या पदराने हात झाकून काम करत राहतात.

तुमच्या डॉक्टरांशी बोलताना तीन गोष्टी मागा. एक, परवाच्या चाव्याची लेखी नोंद: तारीख, वेळ, कुठलं जनावर, मालकाचं नाव-पत्ता, लसीचं कार्ड, हाताला कुठे लागलं, काय करत असताना. नोंदवही नसेल तर साध्या वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा. दोन, उपचारांचा खर्च आणि सुट्टीचा पगार. क्लिनिकमधल्या माणसांची संख्या आणि तुमचा पगार नियमात बसत असेल तर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, नोंदणी असायला हवी, ती विचारा. लहान क्लिनिकमध्ये ईएसआय नसतं, तिथे खर्च डॉक्टरांनी खिशातून करायचा. कामावर झालेली जखम आहे, उपकार मागत नाही आहात. तीन, बाकी सगळ्यांची लस.

नोकरी सोडायची का, ते या तीन गोष्टींना काय उत्तर मिळतं त्यावर ठरवा. चावलं म्हणून सोडू नका. तुम्ही मांजर धरायला शिकताय, हे हातात येणारं कसब आहे आणि पुण्यातल्या चांगल्या क्लिनिकना अशी माणसं हवीच असतात. पण ‘चालायचंच’ हेच उत्तर दुसऱ्यांदा मिळालं, तर मात्र दुसरं क्लिनिक शोधा, आणि तिथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न लसीचा विचारा.

आज रुग्णालयातून लसीचं कार्ड मिळेल. पुढच्या डोसांच्या तारखा तिथेच लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि कोर्स पूर्ण होईपर्यंत एकही तारीख चुकवू नका. ते कार्ड नंतरही टाकू नका. पुढे कधी चावलं तर तेच दाखवायचं, म्हणजे पुन्हा सगळा कोर्स न करता दोन डोसांवर काम होईल. बोटाचं काय झालं ते मात्र कळवा.